ताटावरचा आडवा हात

आपल्याकडे पंगतीत ताटावर आडवा धरलेला हात म्हणजे नकार नसतो. वाढणाऱ्याने आणखी दोनदा म्हणावं, तो हात धरून बाजूला करावा, आणि "एवढंच हं" म्हणत वाढलेलं आपण खाली मान घालून संपवावं, असा तो सगळा खेळ असतो. मी स्वतः आयुष्यभर असाच हात धरत आले आणि जिलब्या खात आले. खरोखरच नको म्हणून हात आडवा धरणारा एकच माणूस मला भेटला. ते माझे घरमालक होते. त्यांच्या त्या हाताने त्यांच्या बायकोला जन्मभर छळलं, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागले तर तुम्ही सावध असाल.

डहाणूजवळच्या नरपड गावात सगळे त्यांना पुरेकाका म्हणायचे. पाठीमागे अर्थात, तोंडावर नुसतं काका. 'पुरे' हा शब्द त्यांच्या तोंडात सुपारीसारखा कायम असायचा. चहा अर्धा झाला की पुरे. गप्पा रंगात आल्या की पुरे, आणि हे म्हणताना समोरच्याचं वाक्य संपलंय की नाही याची त्यांना फिकीर नसायची. संध्याकाळी समुद्रावर फिरायला जायचे, पण सुरूच्या झाडांची रांग जिथे संपते तिथपर्यंत कधी गेले नाहीत. टोक दिसायला लागलं की मागे फिरायचे. टोकाला काय आहे ते बघावंसं वाटत नाही का, असं मी एकदा विचारलं होतं.

"आहेच ना तिथे ते. कुठे पळून जाते?" असं म्हणून ते वळलेसुद्धा.

मी तलासरीकडच्या एका शाळेत शिक्षिका. माहेर सासर दोन्ही साताऱ्याकडचं, नवरा कराडला नोकरीला. नोकरी लागली तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं की दोन-तीन वर्षं काढायची, मग बदली करून घ्यायची. ती दोन-तीन वर्षं पुढे लांबतच गेली. तलासरीत धड खोली मिळेना म्हणून मी डहाणूला स्टेशनजवळ राहिले, तिथल्या आवाजाला कंटाळले, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून एका दुपारी हातात बॅग घेऊन काकांच्या चिकूच्या वाडीत जाऊन उभी राहिले. माडीवरची एक खोली त्यांना द्यायची होती.

"किती दिवस राहणार?" त्यांनी विचारलं.

"बदली होईपर्यंत."

"मग नको. बदली होणार नाय असं ठरवून येत असाल तर या."

मी इतकी दमले होते की "बरं" म्हणून टाकलं. आतून काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. ह्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नको, असा त्याचा अर्थ होता, आणि तो मला लगेच कळला.

दुसरी अट विहिरीच्या मोटारीची होती. मोटार लावली की खाली उभं राहायचं. टाकी भरत आली की पाण्याचा आवाज बदलतो, जाड होतो, तो ऐकू आला की बटण बंद करायचं. मला तो आवाज कधीच ओळखता आला नाही. माझ्या पाळीला टाकी हमखास वाहायची, आणि काका पडवीतून ओरडायचे, "बाई, वाहायला लागल्यावर तर कोणी पण बंद करते!"

शिस्तीची माणसं मला आवडत नाहीत. शाळेत अशी पुष्कळ असतात. त्यांची शिस्त बहुतेक वेळा दुसऱ्यांसाठी असते. काकांचं तसं नव्हतं. त्यांनी कोणाला उपदेश केला नाही की कोणाच्या ताटात बघितलं नाही. फक्त स्वतःपुरतं, मजा यायला लागली की हात काढून घ्यायचा, हा त्यांचा नेम. दुसऱ्यांना त्याचा त्रास व्हायचा तो आपोआप. एकदा क्रिकेटची मॅच होती. टीव्ही तेव्हा आळीत दोन-चारच घरी चालू होते, कारण त्या दिवशी बाकीकडची लाइट गेली होती. काकांच्या ओटीवर माणसं मावत नव्हती. शेवटची ओव्हर सुरू झाली, सगळे उठून उभे राहिले, आणि काकांनी पुढे होऊन टीव्ही बंद केला.

"पुरे. पुढचं उद्या पेपरात येईल."

जी पळापळ झाली ती मी माडीवरून बघितली. एकाची चप्पल राहिली, एक जण कुंपणावरून उडी मारून शेजारच्या आळीत गेला. जाताना काकांच्या कुळाचा जो उद्धार झाला तो काकूंनी कानांनी ऐकला. काका शांतपणे सुपारी कातरत बसले होते. नंतर मी म्हटलं, "काका, तुम्हाला काय झालं ते जाणून घ्यायचंच नव्हतं का?"

"होतं की. लई होतं. म्हणून तर बंद केला."

वाडीतही तेच. फळं उतरवायला पाड्यावरच्या बायका यायच्या. त्यांतली जानकी काकूंना घरकामालाही मदत करायची, वर्षानुवर्षं. काठीला बांधलेल्या जाळीत चिकू अलगद घेत घेत त्या पुढे सरकायच्या. टोपल्या ठरल्याएवढ्या भरल्या की काका हात वर करायचे. झाडावर अजून फळ असायचं. उंबरगावकडून टेम्पो घेऊन येणारा गुजराती व्यापारी अजून थोडे द्या म्हणून कळवळायचा, "काका, हजी थोडा आपो ने! गाडीमां जग्या छे!" काका म्हणायचे, "तुझ्या गाडीत जागा हाय म्हणून झाडाला घाई नाय." उरलेलं पोपट खायचे, वटवाघळं खायची, जानकीची माणसं न्यायची. यात काही मोठं तत्त्वज्ञान होतं की नुसता हट्ट, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

मी संध्याकाळी जीपने परत यायचे तेव्हा अंगात काही उरलेलं नसायचं. एका वर्षी तर शाळेकडे जमिनीला भूकंपाचे हादरे बसायचे. पोरांना मैदानात बसवून शिकवायचं, वर उन्हाचा कडाका, खाली जमिनीचा भरवसा नाही. परतीच्या जीपमध्ये चौघांच्या जागेत सहा. वाडीत शिरले की पडवीच्या पायरीवरच बसकण मारायचे, कारण माडीचा जिना चढवत नसे. काकू चहा आणायच्या. काका तिथेच आरामखुर्चीत असायचे. असंच एकदा मी बदलीच्या यादीत यंदाही नाव नाही म्हणून रडकुंडीला आले होते. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं, 'पुरे' म्हटलं नाही, हेच खूप होतं.

मग म्हणाले, "बाई, तुम्ही कामाने नाय दमत. बसता इथे आणि राहता तिथे, त्याने दमता."

मला राग आला. कारण बोलणं खरं होतं आणि बोलणाऱ्याची वाडी होती, विहीर होती, आणि ताट वाढून समोर आणणारी बायको होती. समाधानी राहायला त्यांचं काय जात होतं? मी तसं म्हणालेसुद्धा, जरा सौम्य शब्दांत. काका हसले. "ते पण खरं," म्हणाले. "पण ज्याच्याकडे हाय तो तरी कुठे थांबते? समाधान डोक्यात ठेवायची वस्तू नाय, बाई. डोकं वकिलासारखं. दोन्हीकडून बोलते. थांबायची सवय हाताला लावायची. पोटाला कळायच्या आधी हाताला कळलं पाहिजे."

आणि उजवा हात पालथा करून त्यांनी हवेत आडवा धरला, जसा ताटावर धरायचे तसा. लांब बोटांचा, चिकूच्या चिकाने काळपट झालेला हात. काकू कप उचलायला आल्या होत्या. त्यांनी त्या हाताकडे असं काही बघितलं की मी विषय बदलला.

काकूंचं दुःख मला सरावली गावातल्या एका लग्नात समजलं. त्यांच्या नात्यातलं लग्न होतं, मलाही ओढून नेलं होतं. पंगतीत बासुंदी होती. नवऱ्या मुलाचा मामा आग्रहात पटाईत म्हणून त्या भागात प्रसिद्ध. त्याच्या हातून सुटलेला माणूस नाही, असं सांगत होते. तो काकांपाशी आला. काकांचा हात आडवा. मामा म्हणाला, "काका, आज नाय ऐकणार." काका म्हणाले, "पुरे." मामाने पोराची शपथ घातली, काकूंची घातली. हात हलेना. सगळी पंगत जेवायची थांबून बघायला लागली. मामाला इरेस पेटायला तेवढं पुरलं. त्याने ओगराळं उचललं आणि बासुंदी सरळ त्या हातावर ओतली.

हात तसाच. बासुंदी बोटांच्या फटींतून पत्रावळीवर गळाली, मनगटावरून कोपराकडे गेली. काकांनी ती पूर्ण गळून जाऊ दिली, मग शांतपणे उठले आणि नळावर गेले. "वाया गेली बिचारी," एवढंच म्हणाले. मामाचा चेहरा बघवत नव्हता. बायकांच्या पंगतीत काकूंनी पदर तोंडाला लावला होता. इतरांना वाटलं की त्या हसताहेत.

परतताना काका पुढे, रिक्षावाल्याच्या शेजारी बसले. मागे काकू माझ्या कानाशी हळू आवाजात बोलत राहिल्या.

"लोकांचं सोड. त्यांना एक दिवस. मी लग्न होऊन आले तेव्हापासून वाढते. लोक माझ्या हातच्या कालवणासाठी बोईसरवरून येतात. हे पहिलं वाढलेलं खातात, आणि हात धरतात. मी पहिल्या वर्षी रडले. मग वाटलं, कधीतरी विसरतील. सणाला, पोरगी झाली तेव्हा, तिच्या लग्नाला. कधी नाय. मी काय मागते गं? सोनं नको, साडी नको. एकदा बोलावं, अजून वाढ. संपलं. मग मी मेले तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी मी काकांना म्हटलं, काकूंना वाईट वाटतं हो.

"कशाचं? तिला माहीत हाय मला आवडते तिच्या हातचं."

"तुम्ही कधी सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात? जेवतो ना रोज."

स्वतःला ताब्यात ठेवणाऱ्या माणसांची ही एक गंमतच आहे. आपण कोणाला काही मागत नाही, म्हणजे आपण कोणाला काही कमी करत नाही, असा त्यांचा समज असतो. मागितलं जाण्याची ज्याला भूक आहे, त्याचं काय, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. काका वाईट नव्हते. मला तर ते आवडायचे. पण काकूंच्या जागी मी असते तर एखाद्या दिवशी पातेलंच डोक्यावर उपडं केलं असतं.

मग एका रविवारी दुपारी टाकी वाहिली.

मी माडीवर वह्या तपासत होते. पाणी पडत राहिल्याचा आवाज आला, मला वाटलं मीच मोटार लावून विसरले. धावत खाली आले तर काका बटणाशीच उभे होते. वर बघत होते. पाणी धो धो खाली येत होतं, त्यांचे पाय भिजत होते, आणि ते लक्ष देऊन ऐकत होते. आवाज बदलण्याची वाट बघत होते. काकू आतून आल्या, त्यांनी हात लांब करून बटण बंद केलं आणि काकांचे पाय पुसायला टॉवेल आणला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी शाळेतून आले तर काकू फाटकाशी उभ्या. चेहरा नुसता फुललेला. मी चपला काढायच्या आत त्यांनी माझा दंड धरला.

"मागून घेतलं आज! बोलले, अजून वाढ. मी कोळंबीचं केलं होतं. दोनदा घेतलं गं! मला वाटलं मला ऐकू नीट येत नाय, तर वाटी पुढे केली त्यांनी!"

त्या इतक्या आनंदात होत्या की मला त्यांनी चहासोबत कोळंबीही दिली. आणि मी चहा पीत असतानाच काका ओटीवर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आज जेवायला नाय देणार काय?"

काकूंचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर राहिलं, नुसतं राहिलं, खालचं सगळं गेलं तरी. तो चेहरा मला अजून आठवतो.

पुढचं सांगायला नको खरं म्हणजे. अशा घरात काय होतं ते आता बहुतेकांना माहीत आहे. डहाणूच्या डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं आणि रक्तात साखरही खूप आहे म्हणाले. पायाला कुठेतरी लागलेलं होतं, ते भरत नव्हतं. खाण्यावर ताबा ठेवा, नाहीतर पाय जाईल, असं त्यांनी काकूंना स्पष्ट सांगितलं. ज्या माणसाने जन्मभर दुसरा घास मागितला नाही त्याच्या खाण्यावर ताबा! काकू दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिल्या. "याला देव हसत असेल," म्हणाल्या.

ते दिवस वाईट गेले. जेवून उठले की काका परत जेवायला बसायचे. आत्ताच जेवलात म्हटलं की पहिल्यांदा लाजायचे, मग चिडायचे, मग डोळ्यांत पाणी यायचं. एकदा ते फाटकाशी जाऊन जानकीला म्हणाले, "ही मला उपाशी ठेवते. तू तुझ्या घरून भाकरी आण." जानकीने येऊन सांगितलं, "काकी, शेट असं बोलले. मी काय करू?" शेजारच्या बायका विचारायला लागल्या की काकांना जेवण कमी का देतेस. चिकू तर त्यांच्या हाताशीच. पिकलेले चिकू घरात ठेवायची सोय राहिली नाही. आम्ही ते माझ्या खोलीत कुलपात ठेवायचो. काकू 'नाही' म्हणून म्हणून थकल्या. मी त्यांना इतकं थकलेलं कधी पाहिलं नव्हतं. जन्मभर त्यांना एकच गोष्ट करायची होती, वाढायची, आणि आता तीच करायची नव्हती.

तशात वाढवणहून काकांची धाकटी बहीण आली. तिच्या गावात तेव्हा तिथे होऊ घातलेल्या बंदराशिवाय दुसरा विषय नव्हता, तेच बोलत ती आली आणि बोलता बोलताच डबा उघडला. भोपळ्याचे घारगे होते. काकूंनी खुणावलं, पण ती बोलण्यात. तिने दोन घारगे काकांच्या बशीत घातले. ते त्यांनी भराभर खाल्ले. काकू उठल्या, आता तिसरा मागणार, भांडण होणार म्हणून. पण बहिणीने स्वतःच तिसरा उचलला आणि लाडाने म्हणाली, "घे ना दादा, अजून एक घे. माझी शपथ. घे रे!"

काकांचा उजवा हात गुडघ्यावरून उठला आणि बशीवर आडवा झाला.

"पुरे," ते म्हणाले.

आवाज जुना होता. स्वच्छ, जरा तुसडा. काकू जागच्या जागी उभ्या राहिल्या. बहिणीने परत आग्रह केला, हात हलला नाही. ती कुरकुरत डबा बंद करून गेली, आणि काकूंनी जाऊन चुलीपाशी बसून पोटभर रडून घेतलं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. "नको म्हटलं तर मागतात," त्या म्हणाल्या. "घ्या म्हटलं तर नको बोलतात. कसं नाय सुचलं मला?"

त्या दिवसापासून त्या घरात उलटा कारभार सुरू झाला. काकांना ठरल्याएवढं वाढायचं. ते संपत आलं की काकूंनी पातेलं आणि चमचा घेऊन समोर उभं राहायचं आणि गळ घालायची. "घ्या ना थोडं. माझ्यासाठी घ्या. एवढं खपून केलं मी." लगेच हात आडवा. पुरे. जानकीला शिकवलं, मला शिकवलं. मी चहाचा दुसरा कप पुढे करून "घ्याच काका" म्हणायचे आणि ते नकार देईपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा. बघणाऱ्याला वेड लागायची वेळ. एकदा साखर तपासायला घरी आलेल्या नर्सबाईंनी काकूंना आग्रह करताना ऐकलं आणि चांगलंच झापलं. काकू मुकाट्याने ऐकून घेत होत्या. काय सांगणार?

हळूहळू त्या पातेल्यात काही ठेवेनाशा झाल्या. कशाला ठेवायचं, घेणार तर नाहीतच. मोकळं पातेलं आणि मोकळा चमचा. तो त्यावर ठक ठक वाजवायचा आणि घ्या घ्या म्हणायचं. पायाची जखम सुकायला लागली. काकू मात्र सुकत चालल्या होत्या. एका संध्याकाळी पडवीत माझ्याशेजारी बसून म्हणाल्या, "जन्मभर खरा आग्रह केला. आता खोटा करते. त्यांना दोन्ही सारखेच." दोघीही दमलो होतो. मला त्यांचं सांत्वन करता आलं असतं, पण खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो.

आणि मग, वाट बघायची सोडून दिल्यावर, माझी बदली झाली. कराडजवळची शाळा मिळाली. बातमी कळली तेव्हा मी जीपमध्ये होते. आनंद झाला, पण वाटला होता तसा नाही. नुसतं हुश्श झालं. वाडीत आले तेव्हा काका खुर्चीत होते, त्यांना सांगितलं. "कोण तुम्ही?" म्हणाले. मग थोड्या वेळाने, "बसा की."

निघायच्या दिवशी दुपारी काकूंनी मला जेवायला बोलावलं. मी अट घातली की त्यांनीही आमच्यासोबत बसायचं, वाढायला जानकी आहे. त्या घरात काकू कधी काकांच्या आधी किंवा बरोबर जेवल्या नव्हत्या. बऱ्याच वेळाने तयार झाल्या. नारळाच्या दुधातली तांदळाची खीर केली होती, गूळ घालून. काकांना डॉक्टरांना विचारून लहानशी वाटी, मला मोठी, आणि शेवटी पातेलं खरवडून त्यांनी स्वतःच्या वाटीत घेतली. जेमतेम अर्धी.

जेवण चाललं. काकांनी वाटी संपवली आणि बोटाने कडा पुसून घेतली. मागणार, हे तिघींनाही दिसलं. काकूंनी सवयीने शेजारचं मोकळं पातेलं उचललं, चमचा वाजवला, आणि म्हणाल्या, "घ्या ना अजून थोडी."

काकांचा हात उठला. वाटीवर आडवा झाला. आम्ही सुटलो, असं वाटलं मला. पण 'पुरे' आलं नाही. त्यांनी काकूंकडे बघितलं. ओळखून बघितलं की नुसतंच, ते मी सांगू शकणार नाही. मला ओळखूनच वाटलं. मग तो हात त्यांनी उचलला आणि मांडीवर ठेवला.

"एवढं बोलते," ते म्हणाले, "तर वाढ."

काकूंनी पातेल्यात बघितलं. आत काही नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, तरी त्यांनी बघितलं. चमचा खरवडून फिरवला. जानकी दारात उभी होती, ती चटकन आत गेली, पण आतही काही नव्हतं. माझी वाटी मी कधीच संपवली होती. काकांनी आपली वाटी थोडी पुढे सरकवली.

मग काकूंनी पातेलं खाली ठेवलं आणि स्वतःची वाटी उचलली. त्यातले एकदोन चमचे त्यांनी खाल्ले होते. बायकोचं उष्टं नवऱ्याच्या ताटात, हे त्या घरात कोणी बघितलं नसेल, काकूंनी तर स्वप्नातही नाही. जानकीने "काकी" म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. सगळी खीर काकांच्या वाटीत ओतली आणि चमच्याने कडेची निपटून घातली.

काकांनी ती सावकाश खाल्ली. घाई नव्हती, जुनी माणसं खातात तशी खाल्ली. आम्ही तिघी बघत होतो. काकूंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. शेवटचा चमचा तोंडाकडे नेता नेता ते थांबले. काकूंच्या मोकळ्या वाटीकडे त्यांची नजर गेली होती.

"तुला पुरली काय?" त्यांनी विचारलं.

काकूंनी पदराने डोळे पुसले, आणि आपला उजवा हात पालथा करून मोकळ्या वाटीवर आडवा धरला.

"पुरली," त्या म्हणाल्या.